पाठमोरी गाडी

१

मंगळवार आणि शुक्रवार हे माझे मालेगावचे दिवस. मी भूलतज्ज्ञ आहे. नाशिकमधल्या दोन हॉस्पिटलांत माझं काम असतं, आणि आठवड्यातून दोनदा मालेगावच्या एका सर्जनकडे जाते. सकाळी निघायचं, दुपारी केसेस आटोपल्या की परत फिरायचं आणि दिवेलागणीच्या आत घर गाठायचं.

घर गाठायची घाई बाबांमुळे असायची. ढुंढिराज दीक्षित, माझे वडील. नाशिकच्या कोर्टात वकिली करण्यात उभा जन्म गेलेला माणूस. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले, आणि वर्षभरातच त्यांच्या फुफ्फुसांचा आजार कळला. फुफ्फुसं हळूहळू कडक होत जातात, फुगायची थांबतात. निदान ऐकून ते मला म्हणाले होते, "यावर अपील नाही ना?"

"नाही, बाबा."

"मग तारखा तरी लांबवू."

गाडी इलेक्ट्रिक घेतली तीही त्यांच्यासाठीच. पेट्रोलच्या वासाने त्यांना खोकल्याची उबळ यायची आणि मग ओठ निळे पडेपर्यंत थांबायची नाही. या गाडीत ते शांत बसत. एवढंच की मालेगावला जाऊन यायचं तर वाटेत एकदा चार्जिंग लागायचं. माझ्या गाडीच्या कंपनीचा हायवेवरचा चार्जर कधी बंद, कधी रांगेत चार गाड्या. माझ्या कितीतरी दुपारी तिथे धूळ खात गेल्या.

गेल्या हिवाळ्यात एका दुसऱ्या गाडीवाल्या कंपनीने आपले फास्ट चार्जर सगळ्यांसाठी खुले केले. तोवर ते फक्त त्यांच्याच गाड्यांना चालायचे. पिंपळगावचा टोलनाका मागे टाकून चांदवडकडे निघालं की उत्तरेच्या अंगाला एका उंचवट्यावर त्यांचं स्टेशन आहे. पांढऱ्या छताखाली सहा मशीन, बाजूला एक छोटं हॉटेल, आणि खाली द्राक्षबागा. सातमाळ्याच्या डोंगररांगेला टेकेपर्यंत नुसत्या द्राक्षबागा.

मी त्यांचं ॲप घेतलं आणि एका शुक्रवारी परतताना गाडी आत घातली.

२

पहिल्याच दिवशी फजिती झाली. त्यांच्या गाड्यांना चार्जिंगचं तोंड मागे असतं, माझ्या गाडीला पुढे, नाकाशी. केबल आखूड. त्यामुळे त्यांच्या गाड्या मागे घेत घेत मशीनला पाठ लावून उभ्या राहतात, आणि मी तशी लावली तर केबल पोचेचना. मी पुढे-मागे करत असताना शेजारच्या गाडीतून एक बाई उतरल्या. चाळिशीच्या, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र.

"सरळ नाक आत घाला," त्या म्हणाल्या. "तुमची उलटीच लावावी लागणार."

त्या सविता. राहायला नाशिकला, शिकवायला मालेगावच्या कॉलेजात. माझ्यासारखीच त्यांचीही ये-जा. चार्जर रिकामा आहे की नाही हे एकमेकींना कळवता यावं म्हणून आम्ही तिथेच नंबर घेतले.

तर रांग अशी दिसायची. सगळ्या गाड्यांची तोंडं खाली बागांकडे, डोंगरांकडे. माझ्या एकटीची गाडी पाठमोरी, तोंड मशीनकडे. माझ्या काचेसमोर, बॉनेटला लागून, त्या मशीनचा पांढरा पत्रा, त्याच्या जाळ्या आणि हिरवा दिवा. बाकीचे लोक नजारा बघत बसायचे, मी पत्रा बघत बसायचे.

म्हणूनच बहुतेक मला आवाज ऐकू आला.

ऑपरेशन थिएटरमध्ये माझे कान कामावर असतात. पेशंटच्या बोटाला लावलेलं यंत्र प्रत्येक ठोक्याला टिक करतं आणि रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्या टिकचा सूर उतरतो. सर्जन गप्पा मारत असतो, सिस्टर कुणाला तरी ओरडत असते, आणि माझं डोकं त्या सगळ्याच्या खाली तो एक सूर धरून असतं. इतक्या वर्षांनी ही सवय सुटत नाही. फ्रिजचा आवाज बदलला तरी मला जाग येते.

मशीनच्या आत पंखा होता, त्याचा घरघराट. त्याच्या खाली आणखी एक घुमारा होता, आणि तो चढत होता. हळूहळू, अगदी सावकाश चढत गेला, वर जाऊन क्षणभर थांबला, आणि तितक्याच सावकाश उतरला. मग खाली थोडी शांतता. मग पुन्हा.

पंख्याचा वेग कमी-जास्त होत असेल, मी मनाशी म्हटलं. बॅटरी तापते, निवते, मशीन वीज कमी-जास्त करतं. हे सगळं बरोबरच होतं. पण चढण्याला लागणारा वेळ आणि उतरण्याला लागणारा वेळ सारखा नव्हता. उतरायला थोडा जास्त वेळ लागत होता. आणि उतरल्यावर ती छोटीशी विश्रांती.

झोपलेला माणूस असा श्वास घेतो.

मी हसले. शेजारी पाहिलं. सविता आपल्या गाडीत बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर समोर. त्यांच्या पलीकडे एक जोडपं, त्याच्या पलीकडे पांढऱ्या टोपीतले एक म्हातारेबुवा. कुणाच्याही हातात मोबाइल नव्हता.

३

हॉटेल चालवायच्या झुंबरबाई. मी एकदा चहा घ्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "तुम्ही पहिल्याच बगा ताई, चहा मागनाऱ्या."

"का? एवढ्या गाड्या येतात की."

"येतात. गाडी लावली की गप बसतात. लय गप. मी आदी पोरगी पाठवायची विचारायला, काचेवर टकटक केलं तरी बगत नाय कोनी. चारजिंग झालं की हसत निघून जातात." त्यांनी चुलीत काटकी सारली. "मला काय कळत नाय. पन बरं नाय वाटत. मी त्या बाजूला तोंड करून बसतच नाय."

मी सविताबाईंना विचारलं. त्या मोकळेपणाने हसल्या. "अहो डॉक्टर, दिवसभर पोरांपुढे घसा फोडायचा आणि मग हा ट्रॅफिक. इथे बसलं की काय छान डुलकी लागते."

त्यांचे डोळे उघडे असतात हे मी बोलले नाही.

त्याच कंपनीचं दुसरं स्टेशन मालेगावच्या अलीकडे आहे. पुढच्या मंगळवारी मी मुद्दाम तिथे थांबले. तोंड मशीनकडे, पाठ रस्त्याकडे. घुमारा होता. तसाच, तितकाच सावकाश. एका कंपनीची मशीनं एकसारखीच वाजणार, यात नवल काय?

सविताबाईंना फोन लावला. त्या पहिल्या स्टेशनवर, द्राक्षबागांपाशी होत्या.

"रिकामा आहे का तिकडे?" मी सहज विचारलं.

"आहे ना, या..." त्यांचा आवाज जड होता, झोपेतल्यासारखा. मग त्या बोलायच्या थांबल्या. फोन तसाच चालू राहिला. आणि त्यातून मला त्यांच्या मशीनचा घुमारा ऐकू आला.

एका कानाला फोन, दुसरा कान माझ्या काचेला. माझ्याकडे चढायला लागला की तिकडे चढायला लागायचा. इकडे वर थांबला की तिकडे थांबायचा. मधे चांदवड, राहुडचा घाट, केवढा तरी रस्ता. दोन्हीकडे एकाच क्षणी उतरायला लागत होता.

सगळी मशीनं एकाच तारेला जोडलेली आहेत, मी स्वतःला सांगितलं. विजेचा दाब सगळीकडे एकदमच हलतो. संध्याकाळी हे मी एका इंजिनियर मित्राला विचारलं. तो म्हणाला, "दाब हलतो, पण असा नाही. आणि तुला कानाने कळेल असा तर मुळीच नाही." मग म्हणाला, "तू सुट्टी घे."

४

छाया म्हणून एक बाई दिवसभर बाबांजवळ असायच्या. जानेवारीत त्यांच्या घरी लग्न निघालं आणि त्या आठवडाभर आल्या नाहीत. एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून शुक्रवारी बाबांना बरोबर घेतलं. ऑक्सिजनचं छोटं मशीन मागच्या सीटवर, नळी नाकाला, बोटाला ऑक्सिमीटर. त्यांना सहलीला निघाल्यासारखा आनंद झाला होता. मालेगावला मी केसेस करत असताना ते हॉस्पिटलच्या एका खोलीत पडून होते, आणि तेवढ्यात वॉर्डबॉयला त्याच्या जमिनीच्या वादात फुकट सल्ला देऊन झाला होता.

परतताना मात्र थकले. पिंपळगावच्या अलीकडे खोकल्याची उबळ आली. मी स्टेशनवर गाडी घातली, केबल लावली आणि त्यांच्या बोटावरचा आकडा पाहिला. नव्वदच्या बराच खाली. नळीतून ऑक्सिजन चालू असतानाही.

"बाबा, सावकाश. नाकाने आत."

ते समोरच्या पत्र्याकडे पाहत होते. मी त्यांची छाती बघत होते. या आजारात श्वास उथळ होतो, भराभर होतो, धावून आलेल्या कुत्र्यासारखा. त्यांची छाती तशीच हलत होती. आणि मग हलायची थांबली.

माझा हात त्यांच्या मानेकडे गेला. तेवढ्यात छाती उचलली गेली. घुमारा चढत होता, आणि त्याच्याबरोबर बाबांची छाती भरत होती. भरत राहिली. ज्या फुफ्फुसांत वाटीभर हवा जेमतेम मावायची, ती फुफ्फुसं इतकी भरलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. वर थोडं थांबणं. मग सावकाश बाहेर.

ऑक्सिमीटरचा आकडा चढायला लागला. नव्वद ओलांडला. चढतच राहिला. अठ्ठ्याण्णववर येऊन थांबला.

मी ते बोटावरून काढून दुसऱ्या बोटाला लावलं. मग माझ्या बोटाला लावून पाहिलं, परत त्यांच्या. अठ्ठ्याण्णव. ओठांना रंग आला होता. मिनिटाला दोन-तीनच श्वास, आणि अठ्ठ्याण्णव. थिएटरमध्ये हे कुणी मला दाखवलं असतं तर मी यंत्र बदलून आणायला सांगितलं असतं.

चार्जिंग संपलं. मशीनने कुठेतरी आत टक् केलं आणि घुमारा माझ्या गाडीपुरता तुटला. बाबांनी डोळे मिटून उघडले आणि ते मोठ्याने हसले. खोकल्याशिवाय.

"आभा," ते म्हणाले, "मी आत्ता पोटभर हवा खाल्ली."

५

यानंतर मी जे केलं ते माझ्या जागी कुणीही केलं असतं असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुन्हा तिथे नेलं. मालेगावला जायचं नव्हतं, गाडी जवळजवळ भरलेली होती. तरी नेलं.

आठ-दहा दिवस आम्ही रोज दुपारी जात होतो. घरून निघताना बॅटरी उतरलेली असावी म्हणून मी आधी गंगापूर धरणापर्यंत उगाच चकरा मारून यायचे. एक डॉक्टर आपल्या बापाला चार्जिंग स्टेशनवर उपचाराला नेते, हे सांगणार कुणाला? मी कुणालाच सांगितलं नाही. स्वतःलाही सांगत होते ते एवढंच, की हवापालट होतोय, बागांकडची हवा स्वच्छ आहे.

ते मात्र माझी उलटतपासणी घ्यायचे.

"तुझं शास्त्र काय म्हणतं?"

"शास्त्र म्हणतं, असं होत नाही."

"होतंय तर खरं. साक्षीदार जिवंत आहे."

"तुम्हाला काय वाटतं तिथे? काय होतं नेमकं?"

आम्ही ओझरच्या उड्डाणपुलावर होतो. "लहानपणी मला आजोबा कुशीत घेऊन झोपवायचे," ते म्हणाले. "त्यांची छाती वरखाली व्हायची आणि थोड्या वेळाने माझीही त्यांच्याबरोबर व्हायला लागायची. मी मुद्दाम करत नसे. मोठ्या माणसाला चिकटून झोपलं की होतं तसं."

"आणि इथे?"

"इथे कोण आहे ते मला माहीत नाही. फार मोठं आहे, एवढं कळतं. त्याला आपण आहोत हे ठाऊक सुद्धा नसेल."

हे ते घाबरून बोलले नाहीत. मोठ्या समुद्राकडे पहिल्यांदा पाहिलेला माणूस बोलतो तसं बोलले. आणि मला भीती वाटायच्या ऐवजी, का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं.

घरी आल्यावर दोन-तीन तासांत आकडा पुन्हा उतरायचा. रोज थोडा लवकर उतरायचा. आणि तिथला श्वास रोज थोडा लांबत होता, हेही माझ्या लक्षात आलं होतं. मी ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

६

ती दुपार अगदी स्वच्छ होती. निफाडकडे थंडीने बागा करपतील म्हणून लोक काळजीत होते, पण दुपारी ऊन छान पडलं होतं. वारा नव्हता. झुंबरबाईंच्या चुलीचा धूर दोरी टांगावी तसा सरळ वर गेला होता.

आमचं धरून सहाही मशीनं लागलेली होती. सविताबाईही होत्या. मी हात केला, त्यांनी पाहिलं नाही. बाबांना सीट मागे करून दिली, केबल लावली, घुमारा सुरू झाला. त्यांचा श्वास त्याला जाऊन मिळाला. मी बाहेर उभी राहून बघत होते.

आणि मग मला साधीशी गोष्ट सुचली, जी मी इतक्या दिवसांत केली नव्हती. मी दर वेळी मशीनकडे तोंड करून बसत होते. बाकीचे सगळे ज्या बाजूला बघत असतात, तिकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

मी वळले.

खाली बागा होत्या. हल्ली अवकाळीच्या भीतीने बऱ्याच बागांवर प्लॅस्टिकचं आच्छादन टाकतात. लांबच लांब पांढुरके पट्टे, एकाला लागून एक, उंचवट्याच्या पायथ्यापासून पार डोंगरापर्यंत. उन्हात पाण्यासारखे चमकत होते.

ते वर येत होते.

आधी मला वाटलं डोळ्यांवर ऊन आलंय. मी हाताची सावली केली. पट्टे फुगत होते. एकेक नाही, सगळे एकदम. खालून कुणीतरी सावकाश हवा भरावी तसे. जवळचे, लांबचे, इतके लांबचे की तिथे पट्टे वेगळे दिसत नव्हते, नुसती एक पांढरी पसरट चमक दिसत होती. तीही वर येत होती. वर आली. थांबली. माझ्या पाठीमागे घुमारा वर जाऊन थांबला होता. मग सगळं मैदान सावकाश खाली बसलं. प्लॅस्टिकचा बारीक सळसळाट माझ्यापर्यंत पोचला तो मागाहून, उतरून झाल्यावर. एवढं ते अंतर होतं.

मी धुराकडे पाहिलं. धूर सरळ होता. पानही हलत नव्हतं.

मला पळावंसं वाटलं नाही. खरं सांगते, मला हात जोडावेसे वाटले. मी देवाधर्माची बाई नाही. पण माझे हात छातीपाशी आले होते हे मला नंतर कळलं. पुन्हा ते सगळं वर यायला लागलं, आणि माझ्याही फासळ्या त्याच्याबरोबर वर येऊ लागल्या.

यावेळी ते थांबलं नाही.

७

मला भान आलं ते छातीत कळ आल्यामुळे. मी श्वास आत घेत होते आणि तो संपत नव्हता. मी स्वतःच्या गालावर चापट मारली, जोरात, आणि खोकून हवा बाहेर टाकली.

गाड्यांमधले सगळे तसेच बसले होते. उघडे डोळे, समोर नजर, आणि प्रत्येकाची छाती भरलेली, मान थोडी मागे गेलेली. सविताबाईंच्या गळ्यातलं ओळखपत्र छातीवरून उचललं जाऊन उभं राहिलं होतं. घुमारा अजून चढत होता. त्या मशीनमधून तो इतका वर गेलेला मी कधी ऐकला नव्हता. खाली बागांवरचं प्लॅस्टिक ताणून तट्ट झालं होतं, तारा करकरत होत्या. आणि मग सगळे आवाज एकदम थांबले.

घुमारा वर जाऊन तिथेच राहिला. उतरेना.

मी दार उघडलं. बाबांची छाती अशी भरली होती की सदऱ्याची बटणं ताणली गेली होती. चेहरा शांत, इतका शांत की मला तो त्यांचा वाटेना. ऑक्सिमीटरवर शंभर.

"बाबा, सोडा! श्वास सोडा!"

मी त्यांना हलवलं. उरावर हात दाबला. लाकडी पेटी दाबावी तसं ते होतं. माणूस श्वास रोखून किती राहू शकतो हे मला माहीत आहे, ते माझ्या कामाचंच गणित आहे, आणि ते गणित संपत आलं होतं. शंभरचा आकडा मात्र हलत नव्हता. तेच मला सहन होईना. तो आकडा त्यांचा नव्हताच. तो दुसऱ्याच कुणाचा होता, आणि माझे वडील त्याच्या आत कुठेतरी होते.

मी केबल ओढली. चार्जिंग चालू असताना ती सुटत नाही, आतून कुलूप असतं. ॲप उघडलं, थांबवा म्हणून दाबलं. गोल फिरत राहिलं. गाडीच्या बाजूने दाबलं. गाडी म्हणे मशीनला विचारा. एका कंपनीची गाडी, दुसऱ्या कंपनीचं मशीन, आणि दोघांच्या मधे मी वेड्यासारखी बोटं आपटत होते.

बाबांच्या दाराशेजारच्या खांबावर संकटात दाबायचं एक लाल बटण होतं, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. मी त्या झाकणाला हात घातला तेव्हा बाबांचा हात माझ्या मनगटावर आला.

ते माझ्याकडे बघत नव्हते. पत्र्याकडेच बघत होते. पण पकड घट्ट होती, आजारी माणसाची नव्हती. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नको.

मी दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

८

सहाही मशीनं एकदम मेली. हिरवे दिवे गेले. बाबा पुढे कोसळले आणि त्यांच्या तोंडातून हवा बाहेर पडली, कण्हल्यासारखी, आणि मग खोकला, तोच जुना कोरडा खोकला. आकडा घसरायला लागला. पंच्याण्णव, नव्वद, पंच्याऐंशी. मी रडत होते आणि त्यांच्या नाकाला नळी लावत होते. इतका वाईट आकडा बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

बाकीच्या गाड्यांत माणसं हलायला लागली. सविताबाईंनी काच खाली केली. "काय झालं हो? लाइट गेली का?" त्यांनी मान चोळली. "काय गाढ लागली होती मला."

"घरी जा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता निघा. सगळ्यांना सांगा."

माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या केबल काढायला उतरल्या.

टोलनाका मागे पडला. ओझर आल्यावर त्यांनी नळी जरा बाजूला केली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"घाई केलीस."

"तुमचा श्वास थांबला होता, बाबा."

"थांबला नव्हता. घेतला होता." एकेका शब्दाला त्यांना दम लागत होता. "कोर्टात समोरचा वकील उभा राहायच्या आधी मला कळायचं. त्याचा श्वास ऐकू यायचा. नुसतं जगायला इतका मोठा श्वास कुणी घेत नाही, आभा."

"मग कशाला घेतात?"

"काहीतरी म्हणायचं असलं की घेतात."

त्यांनी डोळे मिटले. मी आरशात पाहिलं नाही. पुढे कितीतरी वेळ पाहिलं नाही.

बाबा फाल्गुनात गेले. घरी, आपल्या पलंगावर, मी जवळ असताना. माझा हात त्यांच्या छातीवर होता. शेवटचा श्वास बाहेर आला आणि आत गेला नाही. सगळी माणसं तशीच जातात, सोडून. त्या दिवसानंतर त्यांनी पुन्हा तिकडे न्यायला सांगितलं नाही, आणि मीही नेलं नाही. पण शेवटच्या आठवड्यात ते कधीकधी कान देऊन पडलेले असायचे, पलीकडच्या खोलीत कुणी आलंय का ते बघावं तसे.

मी मंगळवारी आणि शुक्रवारी मालेगावला जाते. चार्जिंग माझ्याच कंपनीच्या रांगेत, धूळ खात. सविताबाईंनी दुसऱ्या कॉलेजात बदली करून घेतली, कारण सांगितलं नाही. ते स्टेशन दोन दिवस बंद होतं म्हणे, मग सुरू झालं. हल्ली मशीनचा आवाज एकसारखा येतो, असं झुंबरबाई सांगतात. वर नाही, खाली नाही. गाडीवाले आता चहा मागतात.

द्राक्षं निघाली, गाड्या भरून मुंबईला गेली. बऱ्याच जणांनी प्लॅस्टिक उतरवलं नाही. बागायतदार म्हणतात, यंदा कापड कसं छान ताणून बसलंय, एक सुरकुती नाही. हायवेवरून दिसतं ते. डोंगरापर्यंत सगळं फुगलेलं, तट्ट, आणि वादळी वाऱ्यातसुद्धा न हलणारं.

ते मी दर खेपेला बघते आणि मनात येतं, की बटण मी दाबलं म्हणून बाबांचा श्वास सुटला. त्याचा सुटलेला नाही.

टोलनाका मागे पडला की मी रेडिओ बंद करते. काच खाली करते. फोन वाजला तर घेत नाही. बरोबर कुणी असलं तर तेही आपोआप बोलायचे थांबतात, का ते त्यांना कळत नाही. समोरचं माणूस तोंड उघडणार असलं की आपण गप्प होतो ना, तसे आम्ही सगळे चांदवड येईपर्यंत गप्प असतो.